दुभंगलेला ओठ, ग्रहण आणि जनुकाबाहेरचे एक अक्षर

पाटीवरचा खडू
मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. आमच्या भागात दुभंगलेल्या ओठाचे बाळ जन्माला आले की आजही पहिला प्रश्न आईलाच विचारला जातो: "ग्रहणात काय चिरलेस?" ग्रहणाचा आणि ओठाचा संबंध नाही, एवढे वर्गात सांगून भागत नाही, कारण विद्यार्थी लगेच विचारतात की मग खरे कारण कोणते. त्यांना उत्तर द्यायचे म्हणून मी आयआरएफ६ या जनुकाविषयी वाचू लागलो आणि एका ठिकाणी अडलो. अशा बहुसंख्य बाळांत या जनुकाचा प्रथिन घडवणारा मजकूर शाबूत असतो. जो फरक सापडला आहे तो जनुकाच्या आरंभबिंदूपासून सुमारे ९,७०० अक्षरे अलीकडे, एका एन्हान्सरमध्ये, म्हणजे जनुकाला चालना देणाऱ्या डीएनएच्या तुकड्यात, आहे. तेथे एपी-२ अल्फा नावाचा ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर, म्हणजे डीएनएवर बसून जनुकाचे काम नियंत्रित करणारे प्रथिन, बसतो, आणि एक अक्षर बदलले की त्याला तेथे नीट बसता येत नाही.

माझा प्रश्न असा की डीएनए तर शरीरातील प्रत्येक पेशीत सारखाच असतो. मग इतक्या दूर बसलेले प्रथिन हे जनुक केवळ अभिस्तर पेशींतच, म्हणजे त्वचेच्या, तोंडाच्या आतल्या अस्तराच्या पेशींतच, कार्यान्वित कसे करते? आणि एका अक्षराने एवढा फरक का पडावा? या क्षेत्रात काम करणाऱ्यांनी कृपया सविस्तर लिहावे. धागा श्रद्धा-अश्रद्धेच्या वादात जाऊ नये, ही विनंती.

सावळा मेघ
उत्तम विषय. वाचत राहणार आहे. माझ्या वेळी आईने ग्रहणात चोरून कैरी चिरून खाल्ली होती, असे ती स्वतःच सांगते. परिणाम एवढाच झाला की मला कैरी फार आवडते.

काचपट्टी
मी त्वचेच्या पेशींवर काम करते, म्हणून प्रयत्न करते. उत्तर लांबेल.

मानवी जीनोममध्ये प्रथिने घडवणारी सुमारे २०,००० जनुके आहेत आणि त्यांपैकी सुमारे १,६०० जनुके ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर घडवतात, म्हणजे डीएनएवरील ठरावीक अक्षरक्रम ओळखून तेथे बसणारी प्रथिने. एन्हान्सर म्हणजे अशा अनेक प्रथिनांना शेजारी शेजारी बसता येईल असा काहीशे अक्षरांचा तुकडा. पहिला एन्हान्सर १९८१ मध्ये झुरिच येथे वॉल्टर शाफ्नर यांच्या प्रयोगशाळेत एसव्ही४० या विषाणूत ओळखला गेला. तो तुकडा सशाच्या बीटा-ग्लोबिन जनुकापाशी जोडला तेव्हा जनुकाचे प्रतिलेखन, म्हणजे त्याची आरएनए प्रत निघणे, शेकडो पटींनी वाढले, आणि तुकडा उलटा लावला किंवा हजारो अक्षरे दूर नेला तरीही तो काम करत राहिला.

आता अभिस्तर पेशींकडे येऊ. डीएनए पेशीत मोकळा पडलेला नसतो. रिळाला दोरा गुंडाळावा तसा तो हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, आणि अशा एका वेढ्यात, म्हणजे न्यूक्लिओसोममध्ये, साधारण १४७ अक्षरे असतात. बहुतेक ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरांना गुंडाळलेल्या भागातील आपली जागा सापडत नाही. काही मोजक्या प्रथिनांना मात्र गुंडाळलेला डीएनएही वाचता येतो. त्यांना आम्ही पायोनियर फॅक्टर म्हणतो, आणि अभिस्तरात पी६३ हे त्यांतले प्रमुख प्रथिन. १९९९ मध्ये दोन गटांनी पी६३ नसलेले उंदीर तयार केले, तेव्हा त्यांच्यात बहुस्तरीय त्वचा तयारच झाली नाही, पायही अपुरे राहिले आणि पिल्ले जन्मल्यावर लगेच मेली. हृदयाच्या किंवा यकृताच्या पेशीत पी६३ नसतेच, त्यामुळे तिथे आयआरएफ६चा हा एन्हान्सर गुंडाळलेलाच राहतो. "फक्त अभिस्तरातच का" या तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर हे आहे.

उरलेले निम्मे उत्तर जागा मोकळी झाल्यानंतरचे. पी६३च्या शेजारी एपी-२ अल्फा आणि इतर प्रथिने बसतात आणि ती सर्व मिळून पी३०० नावाच्या विकराला बोलावून आणतात. पी३०० शेजारच्या एच३ हिस्टोनच्या सत्ताविसाव्या स्थानावरील लायसिनला ॲसिटिल गट जोडते. ही खूण दिसली की तो एन्हान्सर त्या क्षणी कार्यरत आहे असे आम्ही समजतो. पुढे मेडिएटर नावाचा प्रथिनांचा मोठा समूह येतो, मधला डीएनए वळून एन्हान्सर जनुकाच्या आरंभबिंदूजवळ येतो आणि जनुकाची आरएनए प्रत काढणाऱ्या आरएनए पॉलिमरेज या विकराला काम सुरू करण्यास चालना मिळते. दूर बसून हे प्रथिन काम कसे करते, तर प्रत्यक्ष कामाच्या वेळी ते दूर नसतेच.

सावळा मेघ
९,७०० अक्षरे म्हणजे खरोखर दूर मानायचे का?

काचपट्टी
या क्षेत्रात ते शेजारचेच घर. हातापायांच्या बोटांची घडण ठरवणाऱ्या सॉनिक हेजहॉग जनुकाचा एन्हान्सर त्याच्यापासून सुमारे दहा लाख अक्षरे दूर, दुसऱ्याच एका जनुकाच्या पोटात आहे.

लोलक
काचपट्टी, मांडणी सुरेख आहे, परंतु तिच्यातून एक समज रुजेल तो आत्ताच खोडावासा वाटतो. जागा मोकळी होणे आणि एन्हान्सर कार्यान्वित होणे या दोन वेगळ्या घटना आहेत. बेल्जियममधील ल्यूव्हेन येथील गटाने २०१८ मध्ये फळमाशीवर केलेले काम या बाबतीत फार बोलके आहे. माशीच्या अभिस्तर पेशींत ग्रेनीहेड नावाचा ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर असतो, आणि हजारो एन्हान्सरांवरील न्यूक्लिओसोम बाजूला सारण्याचे काम तो एकटा करू शकतो. तरीही ते मोकळे झालेले एन्हान्सर सगळीकडे काम करत नाहीत. डोळ्याच्या अभिस्तरात त्यांतील काही, पंखाच्या अभिस्तरात वेगळे काही, अशी निवड होते आणि ती निवड त्या त्या ऊतीतील दुसरे फॅक्टर करतात. म्हणजे ग्रेनीहेडमुळे "ही अभिस्तर पेशी आहे" एवढेच ठरते. "कोणत्या वेळी, कोणत्या जागी" हे त्यावरून ठरत नाही.

माणसात या घराण्याची तीन जनुके आहेत. त्यांतील जीआरएचएल३मध्ये बिघाड झाल्यास व्हॅन डर वूड सिंड्रोम, म्हणजे ओठ-टाळूची फट आणि खालच्या ओठावर खळगे असा अनुवंशिक विकार, होतो, हे २०१४ मध्ये दाखवले गेले. तोच विकार आयआरएफ६च्या बिघाडानेही होतो. म्हणून एकट्या पी६३ला नायक करणे मला पटत नाही.

काचपट्टी
मान्य. पी६३च्या बाबतीतही हेच दिसते. त्याच्या अनेक जागा पेशीत मोकळ्या असतात, पण ॲसिटिलची खूण त्यांतील काहींवरच असते. नायक कोणीच नाही. एकाच तुकड्यावर कोण कोण एकत्र जमले यावर सगळे अवलंबून असते.

कृष्णाकाठ
विज्ञानाबद्दल आदर ठेवून एक वेगळे मत मांडतो. ग्रहण पाळण्याच्या निमित्ताने गरोदर बाईला सक्तीची विश्रांती मिळते, तिच्या हातून त्या दिवशी सुरी-विळी सुटते. यात कोणाचे काय बिघडते? धाग्याच्या सुरुवातीपासूनच या प्रथेला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याची गरज नव्हती, असे मला वाटते.

टाका
कृष्णाकाठ, मी ओठ-टाळूच्या शस्त्रक्रिया करतो, म्हणून उत्तर देतो. विश्रांतीला कोणाचाच विरोध नाही. मात्र ग्रहणाच्या काळात तासन् तास पाणीही न पिता एका कुशीवर पडून राहिलेल्या गरोदर स्त्रिया मी पाहिल्या आहेत. त्याला विश्रांती म्हणता येत नाही.

त्याहून महत्त्वाचा मुद्दा काळाचा आहे. बाळाचा ओठ गर्भधारणेच्या चौथ्या ते सातव्या आठवड्याच्या दरम्यान जुळतो आणि टाळू सहाव्या ते नवव्या आठवड्याच्या दरम्यान. या दिवसांत अनेक स्त्रियांना आपण गरोदर आहोत हेही ठाऊक नसते. पोट दिसू लागल्यावर, पाचव्या किंवा सातव्या महिन्यात आलेल्या ग्रहणाचा दोष आईच्या माथी मारला जातो, तेव्हा ओठ जुळून किंवा न जुळून कित्येक महिने उलटून गेलेले असतात. माझ्याकडे येणाऱ्या सासवांना मी हे तारखा लिहून दाखवतो. बऱ्याच जणींना ते पटते, कारण तारखेशी वाद घालता येत नाही.

जुळतो म्हणजे काय, तेही सांगतो. नाकाच्या बाजूने आणि गालाच्या बाजूने वाढत आलेले उंचवटे वरच्या ओठाच्या जागी एकमेकांना भिडतात. दोहोंवर अभिस्तराचे पातळ आवरण असते. ती आवरणे आधी एकमेकांना चिकटतात आणि मग सांध्यावरच्या त्या पेशी नाहीशा व्हाव्या लागतात, तरच आतली ऊती सलग होते. अभिस्तर वेळेआधी चिकट झाला तर भलतेच भाग जोडले जातात आणि वेळेवर हटला नाही तर फट राहते. ज्यांच्यात आयआरएफ६ काम करत नाही अशा उंदरांच्या गर्भात तोंडातील अस्तर नको तिथे चिकटलेले आढळते.

पाटीवरचा खडू
टाका, "वेळ" हा शब्द आपण वापरलात म्हणून विचारतो: अभिस्तराला ही वेळ कळते कशी?

काचपट्टी
याचा एक भाग पी६३ आणि आयआरएफ६ यांच्या आपसांतील संबंधात आहे, आणि तो मला फार सुंदर वाटतो. पी६३ हे तळाच्या पेशींना विभागत ठेवणारे प्रथिन. तेच एन्हान्सरवर बसून आयआरएफ६ला कार्यान्वित करते. आयआरएफ६चे प्रथिन तयार झाले की ते पी६३ला नष्ट करण्याची प्रक्रिया सुरू करते. त्यामुळे पेशीचे विभाजन थांबते आणि ती पक्व होऊ लागते. २०१० मध्ये हे दाखवले गेले. म्हणजे पी६३ स्वतःच स्वतःच्या शेवटाची व्यवस्था करून ठेवते. एन्हान्सर दुबळा पडला तर आयआरएफ६ कमी तयार होते, पी६३ जास्त वेळ टिकते आणि सांध्यावरील पेशी ज्या दिवशी हटायच्या त्या दिवशी हटत नाहीत. गर्भाच्या घडणीत उशीर झालेली गोष्ट बहुधा मागाहून भरून निघत नाही.

दूरदेशी
मी टेक्ससमध्ये असतो. माझ्या मेक्सिकन सहकारी बाईंनी गरोदरपणी, २०१७ मधील सूर्यग्रहणाच्या दिवशी, पोटाजवळ कपड्यांना सेफ्टी पिन लावली होती. विचारल्यावर म्हणाल्या, ग्रहणात चंद्राचा लचका तोडला जातो तसा बाळाच्या ओठाचा तोडला जाऊ नये म्हणून. ही समजूत तेथे स्पॅनिश लोक येण्याच्याही आधीपासूनची आहे. आपल्याकडे धातूची सुरी हाती धरायची नाही, त्यांच्याकडे धातू अंगावर बाळगायचाच. जगाच्या दोन टोकांना एकाच व्यंगाचे कारण लोकांनी आकाशात शोधावे, हे मला विलक्षण वाटले.

अंजनी
इतका वेळ वाचत होते, आता लिहिते. माझा मुलगा दुभंगलेल्या ओठासह जन्माला आला. तो आता मोठा झाला आहे, उत्तम बोलतो आणि वादविवाद स्पर्धेत बक्षिसे मिळवतो. त्याच्या जन्मानंतर मी ग्रहणाबद्दल बरेच ऐकून घेतले. पुढे घरातल्या शिकलेल्या लोकांनी "अनुवंशिक आहे" हे शब्द उचलले आणि तोच दोष "तुझ्या माहेरचे जनुक" या रूपात माझ्याकडे परत आला. म्हणून मला या चर्चेबद्दल थोडी धास्ती वाटते. तुम्ही ग्रहणाच्या जागी एन्हान्सर ठेवाल, पण बोट आईकडेच राहील.

काचपट्टी
अंजनीताई, तुमची धास्ती रास्त आहे आणि तिचे उत्तर आकड्यांत आहे. ज्या बदलाविषयी धागा सुरू झाला, त्यात एन्हान्सरमधील एका ठिकाणी 'जी'ऐवजी 'ए' हे अक्षर असते. २००८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. हे 'ए' अक्षर दुर्मीळ नाही. ज्यांचे ओठ पूर्णपणे जुळलेले आहेत अशा असंख्य माणसांत ते सर्रास आढळते. वडिलांकडून येण्याची शक्यता आईकडून येण्याइतकीच असते. जगात साधारण ७०० जन्मांमागे एका बाळाला ओठाची किंवा टाळूची फट असते. आई आणि वडील यांच्याकडून आलेल्या जनुकाच्या दोन्ही प्रतींवर 'ए' असले तर धोका साधारण सव्वादोन ते अडीचपट होतो, असे धरले तरी तीनशे बाळांपैकी सुमारे एक. उरलेल्या २९९ बाळांत तेच अक्षर असूनही काहीही होत नाही.

अशा व्यंगात अनेक जनुकांचे छोटे छोटे वाटे असतात आणि परिस्थितीचाही वाटा असतो. आईला अपस्माराची काही औषधे चालू असणे, तिचे धूम्रपान, तिला आधीपासून असलेला मधुमेह हे त्यांतील परिचित घटक आहेत. एका माणसाला दोषी ठरवावे असे यात काही नाही.

टाका
वरच्या ओळीत औषधांचा उल्लेख आहे म्हणून तातडीने पुरवणी: अपस्माराचे औषध कोणीही स्वतःहून बंद करू नये. झटका आई आणि बाळ दोघांनाही घातक असतो. गर्भधारणेचा विचार सुरू करतानाच डॉक्टरांशी बोलावे, म्हणजे औषध बदलायला वेळ मिळतो. ग्रामीण भागात धूम्रपान कमी असले तरी मिश्री आहे. मुंबईतील १,२१७ गरोदर स्त्रियांच्या पाहणीत, २००४ मध्ये, धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी आढळले होते. ओठाचा प्रश्न बाजूला ठेवला तरी मिश्री सोडायला एवढे कारण पुरेसे आहे.

लोलक
२००८च्या शोधामागची वाट विद्यार्थ्यांना सांगण्यासारखी आहे. २००४ मध्ये दहा लोकसमूहांतील आठ हजारांहून अधिक व्यक्तींच्या तपासणीत आयआरएफ६च्या परिसराचा दुभंगलेल्या ओठाशी स्पष्ट संबंध दिसला होता. त्या वेळी प्रथिनातील एका बदलाकडे बोट गेले होते, पण त्या बदलाने प्रथिन बिघडते असे दिसेना. मग शोध जनुकाबाहेर वळला. माणूस, उंदीर आणि इतर प्राणी यांत कोट्यवधी वर्षे जवळजवळ न बदलता टिकून राहिलेले तुकडे तपासले गेले आणि त्यांतल्या एकात हे अक्षर सापडले.

पाटीवरचा खडू
परंतु हा तुकडा ओठाच्याच जागी काम करतो, हे प्रत्यक्ष पाहिले कसे?

काचपट्टी
उंदराच्या गर्भात. तो तुकडा जीवाणूच्या लॅकझेड या जनुकासमोर जोडतात आणि ती जोडणी उंदराच्या फलित अंड्यात घालतात. एन्हान्सर ज्या पेशींत कार्यरत असेल त्या पेशींत लॅकझेडचे विकर तयार होते आणि गर्भ विशिष्ट द्रावणात ठेवला की नेमक्या त्याच पेशी निळ्या होतात. आयआरएफ६च्या या तुकड्याने चेहऱ्याचे एकमेकांना भिडणारे उंचवटे निळे झाले आणि हातापायांच्या अंकुरांतही निळा रंग दिसला.

याच्या पुढचा प्रयोग माझ्या मते या संपूर्ण विषयातील सर्वात शिकवणारा आहे. व्हॅन डर वूड सिंड्रोमच्या सुमारे ७० टक्के कुटुंबांत आयआरएफ६च्या मजकुरात बिघाड सापडतो. ज्यांच्यात तो सापडला नव्हता अशा ७० कुटुंबांत हा एन्हान्सर वाचला गेला आणि एका ब्राझिलियन कुटुंबात त्यात 'ए' हे एकच अक्षर जादा आढळले. २०१४ मध्ये हे प्रसिद्ध झाले. त्या जादा अक्षराने पी६३ आणि ई४७ या दोन प्रथिनांच्या एकमेकांवर चढलेल्या जागा मोडल्या आणि उंदराच्या गर्भाच्या चेहऱ्यावरचा निळा रंग गेला. येथे कोणीही समाधान मानून थांबले असते. त्या गटाने मात्र त्याच दोन जागा वेगळ्या रीतीने, अक्षरे बदलून, मोडून पाहिल्या, तेव्हा एवढा मोठा परिणाम दिसला नाही. म्हणजे जागा मोडणे हे पूर्ण कारण नव्हते. नीट पाहिल्यावर लक्षात आले की जादा अक्षरामुळे तेथे 'सीएएएजीटी' असा नवा क्रम तयार झाला होता, आणि त्यावर एलईएफ१ हे तिसरेच प्रथिन बसू लागले होते. बीटा-कॅटेनिन या सहकारी प्रथिनाच्या जोडीने ते या एन्हान्सरला दाबत होते.

एका अक्षराने एवढा फरक का पडावा, हा तुमचा मूळ प्रश्न होता. येथे एका अक्षराने दोन मदतनीस गेले आणि एक विरोधक आला. २००८च्या बदलात केवळ एपी-२ अल्फाची पकड सैल झाली, बाकीचे फॅक्टर जागेवर राहिले. म्हणून तिथे धोका थोडासा वाढतो आणि इथे विकार पिढ्यान् पिढ्या उतरतो.

लोलक
अगदी हेच. आणि म्हणूनच "एन्हान्सरमध्ये बदल सापडला" एवढे वाक्य अपुरे असते. कोणाची जागा गेली आणि कोणाची तयार झाली, हे प्रत्येक वेळी पेशीत तपासावे लागते. संगणकावर अक्षरक्रम पाहून एलईएफ१चा अंदाज कोणी बांधला असता असे मला वाटत नाही.

कृष्णाकाठ
टाका यांचा आठवड्यांचा मुद्दा मला ठाऊक नव्हता. तो घरी सांगेन. विश्रांतीबद्दलचे माझे मत मात्र कायम आहे. ती ग्रहणाशिवायही मिळावी.

अंजनी
काचपट्टी, २९९चा आकडा मी मुलाला वाचून दाखवला. त्याचा प्रश्न असा की त्याच्या रक्ताची तपासणी केली तर हे अक्षर कळेल का, आणि पुढे त्याच्या मुलांबद्दल काही सांगता येईल का?

काचपट्टी
सहसा केली जाणारी एक्झोम तपासणी प्रथिने घडवणारा भागच वाचते आणि तो भाग एकूण जीनोमच्या दोन टक्क्यांहूनही कमी आहे. एन्हान्सर त्यात बहुतेक येतच नाहीत, त्यामुळे ब्राझीलच्या कुटुंबातील बदलासारखा बदल तिथे निसटतो. पूर्ण जीनोम वाचला तर तो दिसू शकतो. २००८चे ते सर्वसाधारण अक्षर मात्र तपासून भविष्य सांगता येत नाही, म्हणून केवळ त्याच्यासाठी खर्च करू नये.

टाका
तपासणीच्या आधी एक बिनखर्चाचे काम करा. मुलाचा, तुमचा, त्याच्या वडिलांचा आणि शक्य असल्यास दोन्हीकडच्या आजी-आजोबांचा खालचा ओठ भरपूर उजेडात पाहा. मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना टाचणीच्या डोक्याएवढे खळगे किंवा बारीक उंचवटे असतील तर तो व्हॅन डर वूड सिंड्रोम असू शकतो. त्यात प्रत्येक अपत्याला विकाराचे जनुक मिळण्याची शक्यता ५० टक्के असते आणि मग अनुवंशशास्त्राच्या तज्ज्ञांकडे जाणे उपयोगी ठरते. खळगे एकाच माणसाच्या ओठावर, तेही अगदी पुसट असू शकतात, म्हणून घाई न करता पाहा. काहीच नसेल आणि घराण्यात दुसरे कोणी नसेल, तर त्याच्या मुलांच्या बाबतीत ही शक्यता साधारण तीन ते पाच टक्के धरतात. तसे बाळ झालेच, तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ओठ आणि टाळूच्या शस्त्रक्रिया मोफत होतात. ओठाची शस्त्रक्रिया आम्ही साधारण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात आणि टाळूची नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान करतो.